लाल मिलचा धोटा

जिनपुऱ्यात पाहण्यासारखं आहे तरी काय, हा ललितचा प्रश्न रात्रीच्या जेवणात सुरू झाला आणि सकाळच्या पोह्यांपर्यंत टिकला. तो अकोल्याहून खास आला होता, म्हणजे नागसेनने फोन करकरून बोलावलं म्हणून आला होता. सरकारी खात्यात कार्यकारी अभियंता झाल्यापासून त्याला ही वस्ती लपवावीशी वाटत नव्हती, पण तिचा विषय निघाला नाही तर बरं, असं मात्र वाटत असे.

"चार बंद जिन, एक प्रेस, एक मिल न् एक रेल्वेफाटक," तो बोटं मोजत म्हणाला. "हे पाहायला रविवारचे लोक येणार?"

"तीसच्या वर नावं आलीत, काका," पायल म्हणाली. "अमरावतीचे आहेत, दर्यापूरचे आहेत. एक मास्तर तर हिवरखेडहून निघालेत."

पायल नागसेनची मुलगी. अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. महिन्यातून एक रविवार ती लोकांना घेऊन एखादी वस्ती पायी फिरायची आणि वस्तीची माहिती सांगायची. किल्ले, लेणी सगळेच दाखवतात. ही बाई कापसाची गोदामं दाखवायची. या खेपेला तिने स्वतःचीच वस्ती निवडली होती, बडनेऱ्याच्या अलीकडचा जिनपुरा. लाल मिल आता कुणा गोदामवाल्याने घेतली होती. त्याच्या मॅनेजरने मिनतवाऱ्या करून घेऊन एका सकाळपुरतं साचाखातं उघडायचं कबूल केलं होतं. साचे म्हणजे माग. ते केव्हाच भंगारात गेले होते, पण भिंती होत्या, आणि त्यांतल्या एका भिंतीवर पाटी लावायलाही मॅनेजर हो म्हणाला होता.

पाटी नागसेनने आपल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये स्टीलच्या पत्र्यावर कोरून घेतली होती आणि आदल्या संध्याकाळी जाऊन बोल्टांनी पक्कीही केली होती. मजकूर घरात सगळ्यांना पाठ होता. याच साचाखात्यात एकोणीसशे बासष्ट साली नत्थुजी म्हैसने यांनी देवमन खंडारे यांचा धोटा सर्वांदेखत तोंडाला लावला आणि विटाळ मोडला.

धोटा तोंडाला लावायचा, म्हणजे काय, ते नव्या लोकांना समजावून सांगावं लागे. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की साचा थांबवायचा, नवी कांडी बसवायची आणि धोट्याच्या कडेला असलेल्या बारीक भोकाला ओठ लावून सूत श्वासाने बाहेर ओढायचं. दिवसभर हेच. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्या माणसाच्या तोंडी. म्हणून साचाखात्यात आपल्या लोकांना घेत नसत. झाडायला चालत, गासड्या वाहायला चालत. जिथे मजुरी चांगली तिथे मात्र चालत नसत.

"मला त्या पाटीचंच पटत नाही," ललित म्हणाला. "तोंड त्यांनी लावलं, मोठे ते झाले. आपण काय केलं? उभं राहून पाहिलं. बाबांचं नाव आहे ते त्यांच्या उपकाराखाली."

"अबे, माणसानं केलं तं केलं म्हनायले काय जाते तुहं?" नागसेन उसळला. "त्या काळात कोन लावे तोंड? तू तरी कोनाचा उष्टा कप तोंडाले लावतं का?"

"दादा, विषय कपाचा नाही."

देवमन दारातल्या खुर्चीवर बसून पायमोजे चढवत दोघा लेकांचं ऐकत होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षी पायमोजे चढवणं हे काम मन लावून करावं लागतं. एक म्हणत होता उपकार माना, दुसरा म्हणत होता मानू नका, आणि दोघंही चुकत होते. नत्थुजीने धोटा तोंडाला लावलाच नव्हता.

ही गोष्ट जन्मली नत्थुजीच्या शोकसभेत. नागसेन बोलायला उभा राहिला. 'नत्थुजीकाकांनी माझ्या बापाला धोटा दिला' एवढं त्याने लहानपणी ऐकलेलं होतं. तोंडाला लावल्याचं त्याने भरात स्वतःच जोडलं, आणि जोडलं हे त्याच्याही ध्यानात राहिलं नाही. देवमन पहिल्या रांगेत होता. समोर नत्थुजीचा हार घातलेला फोटो, बाजूला त्याची बायको गोदावहिनी. मेल्या माणसाच्या फोटोपुढे उठून 'असं झालं नाही' म्हणणं त्याला जमलं नाही. पुढे नत्थुजीचा मुलगा गोपाल ती गोष्ट लग्नाकार्यात सांगू लागला, आणि तिच्यापायी दोन घरं होती त्याहून जवळ आली. बुद्धपौर्णिमेची खीर खायला गोदावहिनी न चुकता येत. पोळ्याला देवमनचं ताट म्हैसन्यांकडे ठरलेलं. गोष्ट खोटी होती, जेवणं खरी होती. म्हणून तो गप्प राहिला.

पण बोललेलं वाऱ्यावर जातं, पत्र्यावर कोरलेलं राहतं. आज पडदा ओढला की ते कायमचं खरं होणार होतं. न बोलावं तर आपलीच नात परक्या लोकांना खोटं शिकवणार, बोलावं तर गोदावहिनीला या वयात काय वाटेल. देवमनला रात्रभर झोप लागली नव्हती.

"पायल," तो म्हणाला, "थे पाटी आज नोको उघडू."

"काहून, आबाजी?"

तो तोंड उघडणार तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला आणि गोपालची हाक आली. "देवमनकाका! झाले का तयार?"

गोपालचं वस्तीत बी-बियाण्यांचं दुकान. माणूस बोलका, पंचावन्नचा, बापासारखाच उंच. त्याने आईला ऑटोतच बसू दिलं, कारण गोदाबाईंचे गुडघे चालत नव्हते, आणि खाली उतरून फडक्यात गुंडाळलेली वस्तू देवमनच्या हातात ठेवली.

"पाहा काका. कबाड्याजवळ भेटला. तेल लावून लावून पुसला. आज तुमी लोकाईले दाखवाचं, कसं सूत ओढत होते तोंडानं."

शिसवी रंगाचा, टोकांना लोखंड लावलेला धोटा होता. देवमनने तो उलटून पाहिला, अंगठा कडेवरून फिरवला.

"चांगला हाये," तो म्हणाला. बाकीचं बोलणं राहून गेलं.

*

फेरी फाटकापासून सुरू झाली. पायलला आबाजींचं बोलणं टोचत होतं, पण तीस माणसं समोर उभी होती आणि ऊन चढत होतं. तिने फाटकाची गोष्ट सांगितली, की कापसाच्या हंगामात बैलगाड्यांची रांग इथून पार नाल्यापर्यंत लागायची आणि गाडीवान गाडीखालीच भाकरी खायचे. पहिल्या जिनचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, आता मंगल कार्यालय झालं होतं. दुसऱ्या जिनच्या कमानीवर साल कोरलेलं होतं, पण कोणी तरी त्यावर गर्भसंस्कार केंद्राचा फलक ठोकला होता, त्यामुळे साल अर्धंच वाचता येत होतं. हिवरखेडच्या मास्तरांनी तेवढंही लिहून घेतलं.

प्रेसच्या आवारात गासड्या दाबायचं यंत्र अजून उभं होतं, चोरून नेता येण्यासारखं नव्हतं म्हणून. कोणी तरी मिलच्या भोंग्याचं विचारलं, तर उत्तर गर्दीतूनच आलं. भोंग्यावर पोळ्या लाटायला घेत, भोंग्यावर शाळा सुटे. मिल बंद पडली त्या वर्षी वस्तीतल्या म्हाताऱ्या भलत्याच वेळी चहा ठेवू लागल्या.

आणि मग पायलला वेगळाच आवाज ऐकू आला. मिलच्या तलावाच्या कठड्याशी ललितकाका चार अनोळखी माणसांना गोळा करून हातवारे करत होते.

"इथून उडी मारायची. त्या तिकडच्या पायरीला हात लावून परत. मॅनेजरचा कुत्रा मागे लागायचा! दादाला तर एकदा चावला."

"तुले चावला होता," नागसेन मागून म्हणाला.

"तुला, दादा."

"घ्या! मांडीवर खून कोनाच्या हाये, पाहू काय?"

लोक हसले, ललितही हसला. सकाळी ज्याला या वस्तीत पाहण्यासारखं काही दिसत नव्हतं त्याला आता तिथून हलवावं लागलं. पायलला बरं वाटलं. तिने आबाजींकडे पाहिलं. ते हसत नव्हते, धोटा काखेत धरून ऑटोच्या बाजूने चालत होते.

ऑटोत गोदाबाई म्हणाल्या, "बसा ना आत, भाऊ. काहून पाय तोडून राहिले?"

"चालतो वयनी. जरा इचार करून राहिलो."

"धोट्याचा?"

देवमनने चमकून पाहिलं. गोदाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

*

साचाखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, प्रत्येक दात्याला उत्तरेकडून काच. काचा फुटल्या होत्या, उजेड तेवढा शाबूत होता. साचे होते तिथे जमिनीत नुसते बोल्टांचे खड्डे उरले होते. ऑटो आत येईना, तो दाराशी थांबला. भिंतीवर पाटी होती, तिच्यावर निळा कपडा.

गोपालने पुढे होऊन सगळ्यांना हात जोडले. आज तो मनापासून खूश होता. त्याच्या बापाने मागे शेत ठेवलं नव्हतं, घर ठेवलं ते गळकं. ही एक गोष्ट मात्र अशी ठेवली होती की ती सांगताना गोपालची मान वर होई. आज ती भिंतीवर लागणार होती.

"पाटी उघडायच्या आधी देवमनकाका दाखवतील," तो म्हणाला आणि खिशातून सूत गुंडाळलेली कांडी काढली. तीही त्याने कुठून तरी मिळवली होती.

देवमनच्या बोटांना सगळं आठवलं. कांडी खटकन बसली, सुताचं टोक भोकाच्या तोंडाशी आलं. मोबाईल वर झाले. आता फक्त ओठ लावायचे आणि श्वास ओढायचा. जन्मभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला यात काय मोठं!

देवमनने ओठ लावले. ओढलं. सूत आलं नाही. त्याने धोटा फिरवून पुन्हा ओढलं, गाल आत गेले, खोकला आला. तिसऱ्या वेळी लाळेचा थेंब धोट्यावर पडला आणि सूत होतं तिथेच राहिलं.

"वय झालं ना," कोणी तरी सांभाळून घेत म्हणालं.

"वयाचं नाई," देवमन म्हणाला. त्याने धोटा शर्टाला पुसला. "मले हे येतच नाई, बाप्पा हो. मी कधी केलंच नाई. सारा जलम साचे चालवले, पन धोटा तोंडाले लावला नाई. लावू देला नाई."

पायलच्या हातातला कागद खाली आला.

"मले आकडा होता. छत्रीच्या काडीचा. साचेवाले कमी पडून राहिले होते, आमचा मुकादम, जाबर, म्हने देवमनले घ्या, बाकीचे म्हनत नोको. त्याच साच्यावर माह्या पाठीमांगं नत्थुजीची पाळी होती, म्हंजे माहा धोटा त्याच्या तोंडी. तव्हा नत्थुजीनं घरून थो आकडा बनवून आनला. म्हने, देवमन, तू तोंड नोको लावू, यानं सूत काढ, मंग कोनाची काई तक्रार नाई. सारे तोंडानं काढत, मी एकटा आकड्यानं. तसं मले आत घेतलं."

"म्हणजे नत्थुजींनी तुमचा धोटा..." मास्तरांनी विचारलं.

"माहा उष्टा धोटाच नव्हता, गुरुजी. तोंड लावाचा सवालच नाई आला. थे पाटीवर हाये, थे झालं नाई."

 गोपालचा चेहरा पडला. "काका, एवढी वर्सं तुमी ऐकत राहिले! तव्हा काहून नाई सांगतलं?"

"तुह्या बापाचा फोटो समोर होता, गोपाल. कसं सांगतो?"

"आन् आज सांगून राहिले. भर लोकाईत. माह्या बापाले खोटं पाडून."

"तुहा बाप खोटं नाई बोलला कधी. थो तर बोललाच नाई."

ललित पुढे झाला आणि त्याने बापाचा दंड धरला.  "बाबा, पुरे. चला आता. लोक व्हिडिओ काढत आहेत."

"सकायी तं तूच म्हने, पाटी पटत नाई."

"ते घरात म्हटलं होतं!" ललित दबक्या आवाजात म्हणाला. घरात त्याला उपकार नको होते, पण बापाला सगळ्यांत वेगळं काढून हातात आकडा दिला होता, हे इतक्या माणसांसमोर ऐकणं त्याला त्याहून जड गेलं. लहानपणी शाळेत आपल्या पोरांची वेगळी बसवलेली ओळ त्याला आठवली, आणि ती या लोकांना दिसते आहे असं वाटलं.

"सोड," देवमन म्हणाला. "मले पुरं बोलू दे. अपमान झाला हे खरं. पन थे सुताची बारीक पूस तोंडावाटे छातीत जाये सगळ्याईच्या. नत्थुजी खोकून खोकून गेला, माही छाती अजून धड हाये. आता त्या आकड्याले शिव्या देऊ का त्याचे उपकार मानू, मले आजपावतो समजलं नाई. तुमाले समजलं तं सांगा."

 नागसेन, ज्याने ती गोष्ट रचली आणि सकाळी तिच्यासाठी भावाशी भांडला, तो भिंतीशी गेला होता. त्याने खिशातला पाना काढून निळ्या कपड्यासकट पाटीचे बोल्ट खोलायला घेतले. चौथा बोल्ट अडला, तेव्हा ललित गेला आणि त्याने पत्रा खालून धरला.  पायलने लोकांना तलावाकडे न्यायला सुरुवात केली.

*

गोपाल तरातरा दाराशी आला. "आई, चाल घरी. इथं आपलं काई राह्यलं नाई."

"थांब," गोदाबाई म्हणाल्या. "देवमनभाऊले बलाव."

"कशाले?"

"बलाव म्हनलं तं बलाव."

बोलवावं लागलं नाही, देवमन मागोमाग आलाच होता. तो ऑटोच्या दांडीला धरून उभा राहिला. जे बोललो ते आधी या बाईच्या कानावर घालायला हवं होतं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

"सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"सांगतलं, वयनी. चुकलं असन तं माफी करा."

"आकड्याचं सांगतलं?"

"तुमाले ठाऊक होतं?"

"माहीच छत्री होती थे. माहेराहून आनलेली. तिची काडी तोडली म्हनून मी दोन दिवस बोलली नोती त्याईच्यासंग." त्या गोपालकडे वळल्या. "तू आयक. जाऊ नोको कुठी. तुह्या बापाचं बाकीचं माह्याकडून आयक."

गोपाल ऑटोला पाठ लावून उभा राहिला.

"तुमी साच्यावर आले, भाऊ, तव्हापासून थे मिलमधून आले का सिधे न्हानीत जात. घंगाळभर पानी अंगावर घेत, मंगच पाटावर बसत. पूस लागते म्हनत. पूस काय पह्यले लागत नोती? तव्हा तं हातपाय धुवून जेवत. मले समजे काहून आंघोय करून राहिले थे. मी काई बोलली नाई. पानी तापवून देत जाय."

देवमनला वाईट वाटलं. इतकी वर्षं गेली, तो माणूस गेला, मिल गेली, तरी वाईट वाटलं. पाळी बदलताना नत्थुजी रोज हसून साचा ताब्यात घेई, तंबाखू पुढे करी. आणि घरी जाऊन घंगाळ. त्याने दांडी घट्ट धरली.

"किती दिस चाललं?"

"लय दिस. दोन-तीन वर्सं असन." गोदाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मंग एक दिवस आले न् तसेच पाटावर बसले. म्या इचारलं, पानी काढू ना? तं म्हने, राहू दे, आज घरात पानी कमी हाये. दुसऱ्या दिवशी इचारलं, तं तेच. तिसऱ्या दिवशी म्या इचारलंच नाई. मंग कधी केली नाई त्याईनं थे आंघोय, मरेस्तोवर."

"उन्हाया असन," देवमन म्हणाला. "उन्हायात जिनपुऱ्याची हीर आटतच होती."

"कायचा उन्हाया, भाऊ! भर भादवा होता. रांजण काठोकाठ भरला होता. मीच तं भरला होता."